विश्लेषण : आज एका कमांडचे काम, तेव्हा माणसांचे… ‘टिफ्रॅक’ घडवणारे आर. नरसिंहन कोण होते?

मेट्रो ३ चे एक टोक आरे कॉलनीत आहे, तर दुसरे कफ परेडला. आरेला लागून असलेल्या सीप्झमध्ये आज अभियंते कोड लिहितात आणि तो यंत्राच्या भाषेत नेण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोडून देतात. दुसऱ्या टोकाला, कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजेच टीआयएफआर आहे. भारतात तयार झालेला पहिला डिजिटल संगणक ‘टिफ्रॅक’ याच संस्थेचा. तो घडवणाऱ्यांतील प्रमुख नाव म्हणजे रंगस्वामी नरसिंहन.

नरसिंहन संगणकाकडे कसे वळले?

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ रोजी चेन्नईत झाला. तेथे दूरसंचार अभियांत्रिकी शिकल्यावर ते अमेरिकेला गेले. कॅलटेकमधून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवून ते १९५४ मध्ये टीआयएफआरमध्ये रुजू झाले. डॉ. होमी भाभांच्या या संस्थेत संगणक बांधायचे ठरले, तेव्हा गटात जेमतेम सहा जण होते. नरसिंहन वगळता कोणीही संगणक वापरलेला नव्हता आणि बांधलेला तर कोणीच नव्हता.

‘टिफ्रॅक’ कसा होता?

आधी छोटे प्रायोगिक यंत्र बांधण्यात आले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. पूर्ण आकाराच्या संगणकाची जुळणी १९५९ मध्ये संपली आणि फेब्रुवारी १९६० मध्ये तो रीतसर कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. पोलादी सांगाडाच १८ फूट लांब होता. स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात अवघी १० केबी! जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या पंतप्रधान नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

असेम्ब्लर म्हणजे काय? तेव्हा अडचण काय होती?

प्रोसेसरला फक्त शून्य आणि एक कळतात. आज विद्यार्थी ‘मूव्ह’, ‘ॲड’ अशा अर्थाचे छोटे सांकेतिक शब्द वापरून ‘डॉट एस’ फाइल लिहितो. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘एएस’ ही दोन अक्षरी कमांड दिली की असेम्ब्लर त्यातून ‘डॉट ओ’, म्हणजेच ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. तिच्यात मशिन कोड असतो, नावांची यादी असते आणि कोणते पत्ते नंतर भरायचे त्याची नोंद असते. पुढे लिंकर अशा अनेक फाइल जोडून, मोकळे पत्ते भरून, चालणारा प्रोग्रॅम बनवतो.

‘टिफ्रॅक’साठी सूचना शून्य-एकच्या मशिन कोडमध्येच लिहाव्या लागत. या पद्धतीत कोणती सूचना स्मृतीत कुठे बसणार, हा हिशेब माणसालाच ठेवावा लागतो. मध्येच एक सूचना घालायची झाली, तर पुढच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात आणि एक बिट चुकला तरी उत्तर चुकते. केंब्रिजच्या ‘एडसॅक’वर डेव्हिड व्हीलर यांनी १९४९ मध्येच अक्षरी सूचनांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. असेम्ब्लरचा तो एक पूर्वज.

मग ‘टिफ्रॅक’चा उपयोग काय झाला?

यंत्र पूर्ण होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे युग आले होते. टीआयएफआरनेही १९६४ मध्ये अमेरिकी बनावटीचा ‘सीडीसी ३६००’ आणला आणि ‘टिफ्रॅक’ मागे पडला. यंत्र म्हणून त्याचे आयुष्य थोडेच ठरले. पण संगणक आतून माहीत असलेली माणसे देशात तयार झाली ती त्याच्यामुळे. तयार यंत्र विकत घेऊन हे ज्ञान मिळाले नसते.

नरसिंहन यांनी पुढे काय केले?

१९६१ ते १९६४ या काळात ते इलिनॉय विद्यापीठात होते. चित्रांतील आकृत्या यंत्राने कशा ओळखाव्यात, यावर त्यांनी तेथे काम केले. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्या क्षेत्रातील हे सुरुवातीचे संशोधन. परतल्यावर त्यांचा भर सॉफ्टवेअरवर राहिला. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. १९७५ मध्ये टीआयएफआरमध्ये सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. १९८५ मध्ये त्यातूनच जुहूची ‘एनसीएसटी’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. सरकारी कंपनी ‘सीएमसी’चेही ते पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ३ सप्टेंबर २००७ रोजी बेंगळुरूत त्यांचे निधन झाले.

आज त्यांची आठवण का?

आता असेम्ब्लर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ऑब्जेक्ट फाइल हातात देतो. त्यामुळे आत काय घडते, हे पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रोग्रॅम अडला की मात्र पत्ते, बिट आणि स्मृती यांच्यापाशीच परत यावे लागते. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सुरुवात केली ती तिथूनच.