न्यायमूर्ती रानडे आणि चार लोक

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने मराठी माणूस देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जावो, त्याच्या बिऱ्हाडाबरोबर देव्हारा आणि पोळपाट-लाटणे जाते, तसे ‘चार लोक’ही जातात. हे चार लोक कोणी पाहिलेले नाहीत. परंतु मुलीचे शिक्षण असो, मुलाचे लग्न असो वा घरातील एखादे साधे कार्य असो, ते काय म्हणतील याचा विचार आधी होतो. गावापासून हजार मैलांवरही त्यांचा धाक कमी होत नाही. या चार लोकांशी आयुष्यभर झुंज घेणारा आणि त्या झुंजीत कधी जिंकणारा, कधी उघडउघड हरणारा एक थोर पुरुष आपल्याकडे होऊन गेला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र बहुधा त्यांच्या विद्वत्तेसाठी सांगितले जाते. येथे ते त्यांच्या हारजितीसाठी सांगावयाचे आहे.

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे त्यांचा जन्म झाला. बालपण कोल्हापुरात गेले. वडील गोविंदराव तेथील संस्थानच्या नोकरीत होते. पुढे मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली, तीत माधवराव होते. नंतर एम. ए., एलएल. बी., एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापन आणि १८७१ साली पुण्यास न्यायखात्यातील नेमणूक, असा चढता क्रम आहे. पुणे सार्वजनिक सभेला त्यांनी जे वळण दिले, त्याचा विस्तार अन्यत्र पुष्कळ झाला आहे.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. पण कायद्याने परवानगी मिळाली म्हणून समाजाची मिळत नाही. विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत या प्रश्नासाठी मंडळी स्थापन केली, त्यांत माधवराव होते. १८६९ साली या मंडळींच्या पुढाकाराने एक पुनर्विवाह जाहीरपणे झाला. निमंत्रणपत्रिकेवर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांच्यावर शंकराचार्यांकडून बहिष्कार पडला. त्या यादीत रानड्यांचे नाव होते. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. बहिष्कार म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. घरी श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळत नसे, पंक्तीत पान मांडले जात नसे, सोयरीक जुळत नसे, सासरी गेलेल्या लेकीला माहेरचा उंबरठा बंद होई. माधवरावांनी हे सर्व ओढवून घेतले आणि ते डगमगले नाहीत.

म्हणूनच १८७३ सालची घटना मनाला अधिक बोचते. त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी निवर्तली. माधवराव एकतीस वर्षांचे होते. विधवेशी विवाह करून आपले बोलणे खरे करण्याची वेळ त्यांच्यापुढे उभी राहिली, असे मित्र समजत होते आणि शत्रूही. गोविंदरावांनीही तेच ओळखले होते. चिरंजीव विधवा करून आणतील या भीतीने त्यांनी त्वरेने एक मुलगी पाहिली. माधवरावांनी विनवणी केली, मुदत मागितली. वडील बधले नाहीत. संबंध तुटेपर्यंत गोष्ट आली, तेव्हा मुलाने मान खाली घातली. थोड्याच आठवड्यांत कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्धी पावली.

चहूकडून टीकेचा भडिमार झाला आणि ती टीका खोटी नव्हती. पितृभक्ती हा सद्गुण खरा. पण ज्या बालविधवांच्या बाजूने आपण लेखणी उचलली, त्यांना यातून काय संदेश गेला असेल? प्रस्तुत लेखकाला या प्रसंगी माधवरावांची वकिली करता येत नाही. मात्र एक गोष्ट दिसते, ती नोंदली पाहिजे. बाहेरच्या जगाचा बहिष्कार सोसण्याचे बळ त्यांच्यात होते. घरच्या माणसाच्या डोळ्यांतले पाणी सोसण्याचे नव्हते. चार लोकांचा खरा मुक्काम बाहेर नसून माजघरात असतो, हे या विवाहाने त्यांना शिकवले.

माजघरातील पुढची लढाई त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आली. लग्नानंतर लगेच माधवरावांनी तिला मुळाक्षरांपासून शिकवावयास घेतले. काही वर्षांनी इंग्रजीही सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे खपत नसे. टोमणे, अबोला, सोवळ्या-ओवळ्याचा जाच यांतून रमाबाईंना जावे लागले. माधवराव त्या बायकांना उलटून बोलत नसत. पत्नीला सांगत, की निमूटपणे सोस, पण पुस्तक सोडू नकोस. मार्ग खरा, परंतु सोसणे तिचे होते, एवढे विसरून चालणार नाही.

१८८६ साली सरकारने त्यांना एका अर्थविषयक समितीवर नेमले आणि त्या कामासाठी पतिपत्नींचा मुक्काम काही काळ कलकत्त्यास पडला. तेथील एक हकीकत परप्रांतात राहणाऱ्या आपणां सर्वांना गोड वाटावी. माधवरावांनी बंगाली पुस्तके आणवली आणि रोज हजामतीच्या वेळी समोर पुस्तक धरून ते न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. रमाबाईंना हसू आवरेना! परक्या प्रांतात मिसळण्यासाठी इतके झुकणाऱ्या या गृहस्थाला त्यात आपली प्रतिष्ठा गेली असे वाटले नाही. झुकण्याचे सर्व प्रकार सारखे नसतात.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील नामांकित मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच ठेवला. ही सर्व खटपट गोपाळराव जोशी यांची होती. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती, अत्यंत तऱ्हेवाईक. त्यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुण्यात वादळ उठले. त्या यादीत रानडे होते, तसे टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते ठरली. एका पेल्याच्या चहाने दोन वर्षे शहर ढवळून निघाले, हे आज हास्यास्पद वाटते. पण ज्यांच्या घरी लग्नमुंजी थांबल्या, त्यांना ते हास्यास्पद नव्हते.

माधवरावांना स्वतःला प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. तथापि बरोबरचे स्नेही घरच्यांच्या दुःखाने गांजले होते. एकट्याने ताठ राहून त्यांना तोंडघशी पाडणे त्यांना प्रशस्त वाटेना. १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सनातनी हसले, सुधारक संतापले. १८७३ चीच पुनरावृत्ती झाली असे पुष्कळांना वाटले, आणि ते सर्वस्वी चूक नव्हते. फरक इतकाच, की या वेळी ते वडिलांपुढे नव्हे, मित्रांच्या अडचणीपुढे नमले. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू देणार नाही, असा हट्ट विरोधकांनी धरला, तेव्हाही फूट टाळण्यासाठी त्यांनी परिषद दुसऱ्या जागी नेली. परिषद मात्र भरविली. १८८७ साली मद्रासेस सुरू झालेली ती परिषद ते हयात असेपर्यंत दरवर्षी निरनिराळ्या प्रांतांत भरत राहिली.

१८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वैधव्य आल्यानंतर रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. ज्या बायकांना माजघरातून बाहेर पडणे अशक्य होते, त्यांना तेथे अक्षरओळख, शिवण, शुश्रूषा यांचे शिक्षण मिळू लागले. १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पतीविषयी अपार भक्तीने लिहिलेल्या त्या पुस्तकात पंचहौदाच्या प्रायश्चित्ताचे प्रकरण त्यांनी गाळलेले नाही. तो निर्णय आपणास मुळीच रुचला नव्हता, हेही त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे.