कार्लो कोल्लोदी : चरित्र आणि ‘पिनोकिओ’चे माध्यमांतर

खोटे बोलले की ज्याचे नाक वाढते तो लाकडी मुलगा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला जन्म देणारा इटालियन लेखक मात्र बहुतेकांना अपरिचित असतो. आपल्यापैकी अनेकांची पिनोकिओशी ओळख वॉल्ट डिस्ने यांच्या १९४० सालच्या सचेतपटातून झालेली असते, हे त्याचे एक कारण होय. मूळ कादंबरी आणि चित्रपट यांतील अंतर समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात आपण लेखकाच्या आयुष्यापासून सुरुवात करणार आहोत.

कार्लो लोरेन्झिनी यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८२६ रोजी फ्लॉरेन्स येथे झाला. वडील जिनोरी या सरदार घराण्याकडे आचारी होते. दहा भावंडांत कार्लो थोरले. त्यांपैकी बरीच भावंडे लहानपणीच दगावली. आई ज्या गावची, त्या कोल्लोदी नावाच्या डोंगराळ खेड्यात त्यांच्या बालपणाचा काही काळ गेला. पुढे त्याच गावाचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. धन्याच्या मदतीने त्यांना धर्मोपदेशक घडवणाऱ्या विद्यालयात घालण्यात आले. परंतु त्या मार्गात त्यांचे मन रमले नाही. फ्लॉरेन्समधील एका पुस्तकविक्रेत्याकडे त्यांनी नोकरी धरली आणि वाचनाची व लेखनाची वाट तेथेच सापडली.

१८४८ साली ऑस्ट्रियाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ते स्वयंसेवक म्हणून लढले. त्याच वर्षी त्यांनी ‘इल लाम्पियोने’ हे उपरोधप्रधान वृत्तपत्र काढले. वर्षभरातच ते बंद पाडण्यात आले. कोल्लोदींनी ते अकरा वर्षांनी पुन्हा सुरू केले. दरम्यान १८५९ च्या युद्धातही त्यांनी भाग घेतला. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तरी गरिबाच्या घरातील चूल पूर्वीसारखीच थंड होती. पत्रकार, नाट्यसमीक्षक आणि सरकारी कर्मचारी अशा भूमिकांत वावरताना कोल्लोदींनी हे जवळून पाहिले. पन्नाशीच्या सुमारास ते बालसाहित्याकडे वळले. आधी फ्रेंच परीकथांचे भाषांतर झाले, मग ‘जान्नेत्तीनो’सारखी शालेय वाचनाची पुस्तके आली. १८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. उपाशी पोराने पाटी-पुस्तक कशाच्या बळावर धरावे, हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

जुलै १८८१ मध्ये ‘जोर्नाले पेर इ बांबीनी’ या नव्या बालसाप्ताहिकात ‘एका बाहुल्याची गोष्ट’ क्रमशः सुरू झाली. हस्तलिखित पाठवताना कोल्लोदींनी ते क्षुल्लक पोरखेळ म्हणूनच संपादकांकडे दिले होते आणि पुढे लिहावेसे वाटेल असा मोबदलाही मागितला होता. ऑक्टोबरमध्ये पंधराव्या प्रकरणात त्यांनी नायकाला ओकच्या झाडावर फासावर लटकवले आणि गोष्ट संपवली. बालवाचकांना हा शेवट मुळीच मान्य झाला नाही. अखेर फेब्रुवारी १८८२ मध्ये कथा नव्या नावाने पुढे सुरू झाली आणि १८८३ साली एन्रिको मात्सांती यांच्या चित्रांसह छत्तीस प्रकरणांचे पुस्तक निघाले. आज बालसाहित्यात अमर ठरलेली ही कृती तिच्या लेखकाच्या मूळ योजनेनुसार अर्ध्याहून कमी लांबीची आणि शोकान्त होती, हे ध्यानात ठेवावे.

या कादंबरीत भूक सर्वत्र आहे. जेप्पेत्तोच्या खोलीत शेकोटी दिसते, परंतु ती भिंतीवर रंगवलेली; तिच्यावरचे वाफाळते भांडेही रंगवलेलेच. जेप्पेत्तो स्वतःच्या न्याहारीसाठी ठेवलेली तीन नासपती पिनोकिओला देतो. आधी साली आणि गाभे नाकारणारा हा हट्टी बाहुला शेवटी तेही खाऊन टाकतो. मुलाला अंकलिपी घेता यावी म्हणून बाप हिवाळ्यात अंगावरचा कोट विकतो आणि कोटाने उकडत होते असे सांगतो. हेही खोटेच, पण या खोट्याने कोणाचे नाक वाढत नाही. नाक वाढण्याचे प्रसंग कादंबरीत मोजकेच आहेत आणि त्यांपैकी पहिल्याचा, म्हणजे लाकूड कोरतानाच्या प्रसंगाचा, खोटेपणाशी संबंधही नाही.

चित्रपटात जेप्पेत्तोचे घर उबदार आहे. नक्षीदार घड्याळे, मांजर आणि काचेच्या भांड्यातील मासोळी यांनी ते भरलेले आहे. तेथे कोट विकण्याची वेळच येत नाही. गरिबी वगळल्यावर कथेला दुसरा आधार हवा होता. तो सदसद्विवेकबुद्धीत शोधण्यात आला. मूळ कथेतील बोलका रातकिडा चौथ्या प्रकरणात उपदेश करतो आणि पिनोकिओने फेकलेल्या लाकडी हातोड्याने मरतो. पुढे तो भूत होऊन येतो. डिस्ने यांनी त्याला निवेदक, सोबती आणि विवेकाचा प्रतिनिधी बनवले.

याला केवळ विपर्यास म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९३८ मध्ये चित्रपटाचे काम काही काळ थांबवावे लागले होते. मूळ पिनोकिओ उर्मट, ताठर आणि लाकडी होता. पडद्यावर तो प्रेक्षकांचे प्रेम मिळवू शकेल असे डिस्ने यांना वाटेना. नायकाला गोल, बालसुलभ चेहरा देण्यात आला. दर आठवड्याला नवे संकट आणणारी क्रमशः कथा अठ्ठ्याऐंशी मिनिटांत बसवायची तर एकच सरळ सूत्र हवे, हेही खरे. मात्र हे सूत्र निवडताना शेवट बदलला. चित्रपटात पिनोकिओ खवळलेल्या देवमाशापासून बापाला वाचवताना प्राण गमावतो आणि परीच्या कृपेने खरा मुलगा होतो. कादंबरीतला प्रचंड मासा दमेकरी असून तोंड उघडे टाकून झोपतो. बापलेक रात्री त्याच्या तोंडातून चक्क चालत बाहेर पडतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकिओ पाच महिने पहाटे उठून रहाट ओढतो, टोपल्या विणतो, रात्री अक्षरे गिरवतो. नव्या कोटासाठी साठवलेले पैसेही तो आजारी परीसाठी देऊन टाकतो. एका आचाऱ्याच्या मुलाने लिहिलेला हा शेवट आहे.

त्याच रहाटाजवळच्या गोठ्यात एक गाढव मरणपंथाला लागलेले असते. ते म्हणजे खेळण्यांच्या देशात पिनोकिओबरोबर गेलेला त्याचा मित्र लुचिन्योलो. पिनोकिओ त्याला ओळखतो. मित्र त्याच्यासमोर प्राण सोडतो.

कोल्लोदी अविवाहित होते. १८८६ मध्ये आईच्या निधनानंतर त्यांचे लेखन मंदावले. २६ ऑक्टोबर १८९० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. पुस्तकाचे पहिले इंग्रजी भाषांतर त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये झळकला. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद असल्याने सुरुवातीला त्याला तोटा सोसावा लागला आणि इटलीत तो १९४७ साली पोहोचला. त्या चित्रपटातही मुलांची गाढवे होतात. पिनोकिओ निसटतो आणि बाकीच्यांचे पुढे काय झाले हे शेवटपर्यंत कळत नाही.