न्यायमूर्ती रानडे आणि रिकाम्या हातांचा प्रश्न

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सोलापूर, अहमदनगर, सातारा या भागांतील शेते उजाड पडली. शेतमजुरांचे काम संपले. विणकरांच्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. हजारो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. तेथील मजुरीही सरकारने कमी केली, तेव्हा अनेकांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. या सभेचे प्रमुख मार्गदर्शक होते न्यायाधीश महादेव गोविंद रानडे.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले, उच्च शिक्षण मुंबईत झाले. १८७१ पासून ते पुण्यात न्यायदानाचे काम करू लागले. सरकारी नोकरीत राहून प्रजेची बाजू मांडणे सोपे नव्हते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले, तेव्हा रानड्यांविषयीही सरकारच्या मनात संशय आला. त्यांची धुळ्यास बदली झाली आणि त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि लेखनही थांबवले नाही.

धडधाकट माणसाला काम का मिळू नये, हा प्रश्न त्यांना छळत होता. लोक आळशी आहेत, लोकसंख्या फार आहे, अशी कारणे त्या काळी सांगितली जात. रानड्यांना मूळ कारण निराळे दिसले. विलायती गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे येथील माग बंद पडले. विणकर, रंगारी, लोहार हे सारे शेतीकडे वळले. जमीन तेवढीच राहिली, खाणारी तोंडे मात्र वाढली. आणि एक पाऊस चुकला की सर्वांचेच हात एकदम रिकामे होऊ लागले.

इंग्लंडने कापड विणावे, हिंदुस्थानने कापूस पिकवावा आणि सरकारने व्यापारात पडू नये, असे तेव्हाचे इंग्रजी अर्थशास्त्र सांगे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी हा विचार नाकारला. अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखे लागू पडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रीड्रिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाचे विचार त्यांना जवळचे वाटत. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. रेल्वे कंपन्यांना सरकार व्याजाची हमी देते, मग साखर, कापड, लोखंड यांच्या कारखान्यांना का देऊ नये? शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळावे आणि गावातील जादा हातांना कारखान्यांत काम मिळावे, हा त्यांचा उपाय होता. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली, तीही त्यांच्याच प्रेरणेने.

त्यांचे सर्वच विचार आज पटणारे नाहीत. मॉरिशस, त्रिनिदाद येथील मळ्यांवर करार करून जाणाऱ्या मजुरांकडे त्यांनी बेकारीवरील दिलासा म्हणून पाहिले. त्या करारांतील जाच त्यांच्या लेखनात पुरेसा उमटला नाही. सरकारवरही त्यांनी फार विश्वास टाकला. सरकारने १८९६ मध्ये येथील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. येथील पोलाद उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला १९२४ मध्ये. तेव्हा रानड्यांना जाऊन तेवीस वर्षे लोटली होती.