जॉन लॉक : कोरा कागद आणि आतला दीप

देवाची जाणीव मनुष्य जन्मतःच बरोबर घेऊन येतो, की ती त्याला पुढे ऐकून, पाहून व विचार करून प्राप्त होते? हा पंडितांचा वाद आहे, आपल्याला त्याचे काय, असे तुम्ही म्हणाल. परंतु ज्यांनी आपल्या लेकरांना हात जोडून प्रार्थना करावयास शिकवले आहे, किंवा ज्याने शुभवर्तमान कधी ऐकले नाही अशा मनुष्यापुढे उभे राहून साक्ष दिली आहे, त्यांना हा प्रश्न एकदा तरी भेटलाच असेल. तो साऱ्या युरोपापुढे निर्भयपणे मांडणाऱ्या पुरुषाचे चरित्र आज आपण पाहू.

जॉन लॉक यांचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन या गावी झाला. घराणे प्युरिटन वळणाचे. वडील वकील होते आणि यादवी युद्धात ते पार्लमेंटच्या बाजूने लढले. वेस्टमिन्स्टर शाळेतून लॉक १६५२ मध्ये ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेले. तेथील शब्दच्छल करणाऱ्या वादविवादांत त्यांचे मन रमले नाही. धर्मोपदेशकाची दीक्षा न घेता ते वैद्यकाकडे वळले. १६६६ मध्ये लॉर्ड ॲशली यांच्याशी त्यांचा परिचय झाला व पुढे ते त्यांच्याच घरी राहू लागले. १६६८ मध्ये ॲशली यांच्या यकृतावर जी शस्त्रक्रिया झाली ती लॉक यांच्या देखरेखीखाली झाली, आणि रुग्ण वाचला.

१६७१ मध्ये त्यांच्या खोलीत पाच-सहा मित्र जमले होते. नीती आणि ईश्वरी प्रकटीकरण यांवर चर्चा चालली होती. पण ती पुढे सरकेना. तेव्हा लॉक यांच्या मनात आले की, आपल्या बुद्धीची झेप कोठवर आहे हे आधी तपासले पाहिजे. त्या तपासाला जवळजवळ वीस वर्षे लागली. मध्यंतरी राजकीय संशयामुळे त्यांना १६८३ मध्ये हॉलंडला पळून जावे लागले. १६८९ च्या आरंभी ते स्वदेशी परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानवी आकलनाविषयीचा त्यांचा महान ग्रंथ प्रसिद्ध झाला.

देवाविषयीची व नीतीविषयीची तत्त्वे विधात्याने प्रत्येकाच्या मनावर जन्मतःच कोरलेली आहेत, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. लॉक यांनी विचारले, तसे असेल तर ती तान्ह्या बालकाला का ठाऊक नसतात? वेगवेगळ्या देशांतील लोकांत त्यांविषयी एवढी तफावत का? त्यांच्या मते मन आरंभी कोऱ्या कागदासारखे असते. त्यावरील सर्व लेखन दोन मार्गांनी होते : इंद्रियांनी बाहेरचे जग पाहून, आणि मनाने स्वतःच्या व्यापारांकडे वळून.

यामुळे धर्माचा पाया खचेल असे अनेकांना वाटले. वूस्टरचे बिशप स्टिलिंगफ्लीट यांना तर त्रैक्याचा सिद्धांतच धोक्यात आलेला दिसला. १६९९ मध्ये बिशप वारले तेव्हाच तो वाद थांबला. पण लॉक नास्तिक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, देवाने आपल्याला तयार ज्ञान दिले नसले तरी ते मिळवण्याची शक्ती दिली आहे. आपल्या अंतरी एक दीप ठेवला आहे आणि आपल्या कर्तव्यापुरता त्याचा प्रकाश पुरेसा आहे. सृष्टीवरून निर्माणकर्ता ओळखता येतो, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगितलेच आहे. मात्र दुसऱ्या अध्यायात तोच पौल नियमशास्त्राचे कार्य अंतःकरणावर लिहिलेले असल्याचे सांगतो. लॉक यांच्या विरोधकांना तेथे आधार सापडे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी मनाला शिरा असलेल्या संगमरवराची उपमा दिली : मूर्ती घडवावी लागते, पण तिची रेषा दगडात आधीच असते. त्यांचे उत्तर लिहून होत असतानाच लॉक वारले. ते छापले गेले १७६५ मध्ये.

या वादाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. डब्लिनचे विल्यम मॉलिनो यांनी लॉक यांना विचारले होते : जन्मांध मनुष्याने गोल व घन हाताने चाचपून ओळखले असतील, तर दृष्टी येताच तो ते केवळ पाहून ओळखील काय? दोघांचेही उत्तर नाही असे होते. २०११ मध्ये भारतातील पाच मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ती जन्मापासून अंध होती आणि शस्त्रक्रियेने त्यांना दृष्टी लाभली होती. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता आली नाही. थोड्याच दिवसांत मात्र ती शिकली. शिकण्याची तयारी आत होती, शिक्षण बाहेरून यावे लागले.

लॉक यांचे दोषही आपण झाकू नयेत. धर्मसहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने नास्तिकांना तिच्यातून वगळले. आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले. दीप असूनही मनुष्य अंधारात चालू शकतो.

१६९१ पासून ते एसेक्समधील ओट्स येथे मॅशम कुटुंबात राहिले. गृहिणी डॅमारिस या, मनात उपजत कल्पना असतात असे मानणाऱ्या राल्फ कडवर्थ यांच्या कन्या. तरी दोघांचा स्नेह अभंग राहिला. अखेरची वर्षे लॉक यांनी पौलाच्या पत्रांना दिली. अध्याय व वचने यांचे तुकडे पाडून वाचल्याने प्रेषिताचा विचार हरवतो, म्हणून ते संपूर्ण पत्र एका बैठकीत, पुनःपुन्हा वाचीत. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही शिस्त आजही लाजवते. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी डॅमारिस स्तोत्रे वाचून दाखवीत असता त्यांनी प्राण सोडला.

वाचकहो, तुमच्या लेकराचे मन कोरा कागद असो वा शिरा असलेला संगमरवर, एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे : कोणीतरी लिहावे लागते, कोणीतरी घडवावे लागते. विश्वास ऐकण्याने होतो असे पौल सांगतो. मग आज आपल्या घरात ते लेकरू काय ऐकत आहे?