विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्ग अभ्यासक होते. दख्खनच्या नद्यांतील माशांचे पहिले व्यापक शास्त्रीय वर्णन त्यांनी केले. अनेक जातींना त्यांनी स्थानिक नावेच दिल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक मासे आजही जगभर मराठी शब्दांनी ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते मुंबई सैन्यात रुजू झाले आणि १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात लढले. मराठी व हिंदुस्तानी भाषा शिकून त्यांनी दुभाषाची पात्रता मिळवली. १८१७ मधील खडकीच्या लढाईत ते कंपनीच्या बाजूने सहभागी होते. पेशवाईच्या अस्तानंतर १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, शेती, जमीनधारणा व हवामान यांची माहिती गोळा करण्यासाठी त्यांनी दख्खनभर प्रवास केला. याच काळात त्यांनी पशू, पक्षी व मासे यांच्या नोंदी केल्या.

माशांचा अभ्यास

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्या पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांचे पाणी मुख्यतः डोहांत उरते. महसीरसारखे मासे पुराच्या काळात विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. या सवयीमुळे व गळाला लागल्यावर दिलेल्या झुंजीमुळे ब्रिटिश गळकऱ्यांनी महसीरची तुलना आपल्याकडील सॅमन माशाशी केली.

१८३१ मध्ये इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे वाचला. तो १८४१ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाला. पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील महसीरला त्यांनी दिलेले खुद्री हे नाव आज टॉर खुद्री या शास्त्रीय नावात टिकून आहे. शिंगाळा (स्पेराटा सिंघाला), घोगरा (रिटा गोग्रा), कोलस व नुक्ता ही नावेही त्यांच्याच निबंधातून शास्त्रात रूढ झाली.

नंतरचे आयुष्य

१८३४ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत साइक्स यांचा सहभाग होता. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक व १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबरडीनचे संसद सदस्य होते. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

साइक्स यांची वर्णने त्रोटक आहेत आणि त्यांनी वर्णिलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे काही जातींची ओळख दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. त्यांनी दिलेले मुसुल्ला हे नाव अनेक वर्षे कावेरीतील कुबड असलेल्या महसीरला लावले जात होते; पुढे ते हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील माशाचे असल्याचे मत मांडले गेले. कावेरीतील महसीरची शास्त्रीय ओळख (टॉर रेमादेवी) २०१८ मध्ये निश्चित झाली. त्यानंतरच अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचा समावेश होऊ शकला. लोणावळा येथील टाटा कंपनीच्या केंद्रात पैदास केलेले खुद्री महसीरचे बीज कावेरीत सोडले जाणे, हेही त्याच्या ऱ्हासाचे एक कारण मानले जाते.

भीमा ही कृष्णेची उपनदी असल्याने साइक्स यांचे काम कृष्णेच्या संपूर्ण खोऱ्यातील मत्स्य अभ्यासाला आधारभूत ठरले. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून बनलेली कोल्हापूरची पंचगंगाही नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेला मिळते. १९५२ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूर परिसरातून एका नव्या माशाचे वर्णन केले. इतर माशांचे खवले खाणाऱ्या या माशाला त्यांनी खवलचोर (निओट्रोपियस खवलचोर) असे मराठी नाव देऊन साइक्स यांचीच नामकरण पद्धत पुढे नेली.