विश्लेषण : इतिहासाच्या तासाला कादंबरी चालेल का? हरिभाऊ आपटे यांच्या आयुष्यातून काय उत्तर मिळते?

आठवीच्या इतिहासात बालविवाह, केशवपन, विधवाविवाह हे सगळे प्रबोधनाच्या पाठात थोड्या ओळींत उरकते. परीक्षेत सुधारकाचे नाव आणि संस्थेचे साल विचारले जाते. त्या रूढीत अडकलेल्या मुलीचा दिवस कसा जात असेल, हे विचारले जात नाही. म्हणूनच सामाजिक शास्त्रे शिकवताना कादंबरीतले उतारे वापरावेत, असा विचार मांडला जातो. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत हे करायचे, तर मराठीत पहिले नाव हरि नारायण आपटे यांचे घ्यावे लागते. मात्र हरिभाऊंनी दोन वेगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही एकाच पद्धतीने शिकवल्या तर मुलांच्या डोक्यात घोळ होतो. तो का होतो, हे त्यांचे आयुष्य पाहिले की कळते.

कोण होते हरिभाऊ?

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळा येथे (आजचा जळगाव जिल्हा) त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. काकांच्या एकत्र कुटुंबात आधी मुंबईत आणि मग पुण्यात ते वाढले. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि हरिभाऊ तिथे दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे त्यांचे शिक्षक. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न शाळकरी वयातच झाले होते. म्हणजे पुढे ज्या प्रथेवर त्यांनी लिहिले, ती त्यांनी घरातच पाहिली होती.

आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा त्यावर सविस्तर टीका लिहिणारा त्यांचाच हा विद्यार्थी होता. आधी डेक्कन आणि नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, पण गणितात गती नसल्याने पदवी काही मिळाली नाही. (अभियांत्रिकीत गणिताच्या पेपरांनी घाम फोडलेल्या प्रस्तुत लेखकाला ही माहिती भलतीच आवडली.) काका महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिचे व्यवस्थापन हरिभाऊंकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. पोटापाण्याची चिंता मिटल्यामुळे त्यांना लिहायला वेळ मिळाला.

‘आजकालच्या गोष्टी’ म्हणजे काय?

‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. मूळ आधार इंग्रज लेखक रेनॉल्ड्सचा, पण चित्र पुण्यातल्या नवशिक्षितांचे होते. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ते ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. शिक्षकांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण लेखक डोळ्यांसमोरचा काळ लिहीत होता.

‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मध्ये आली. यमू नावाची मुलगी तिच्यात स्वतःची हकिगत सांगते. माहेर, लहान वयातले लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. नेमक्या याच काळात, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींसाठी दहाची मर्यादा बारा वर्षांवर आली. त्यावरून पुण्यात रान पेटले होते. सभा आणि अग्रलेख यांत बोलणारे बहुतेक पुरुष होते. हरिभाऊही पुरुषच, पण त्यांनी गोष्ट यमूच्या तोंडी दिली. विधवेचे दुःख मराठी कादंबरीत याआधी आले नव्हते असे नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मधली आहे. पण तिथे विधवांची स्थिती फिरून पाहिली जाते. यमू स्वयंपाकघरातले टोमणेसुद्धा सांगते. पाठ्यपुस्तकातल्या कायद्याच्या सालाशेजारी यमूची दोन पाने ठेवली, तर कायदा कोणासाठी होता हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

आर्णीच्या वर्गात अडचण कुठे येईल?

यमूचे घर पुण्याकडच्या ब्राह्मण कुटुंबाचे आहे. आर्णीच्या वर्गात बंजारा, कुणबी, आदिवासी, मुस्लिम अशा घरांतली मुले असतात. अनेक शेतकरी जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची रीत होती आणि केशवपन नव्हते. मुस्लिम समाजात तर विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हतीच. तेव्हा यमूची गोष्ट म्हणजे त्या काळच्या सगळ्या मराठी बायकांची गोष्ट, असे शिकवले तर ते चुकीचे ठरेल. पाठ्यपुस्तकातही ही फोड पुरेशी स्पष्ट होत नाही. मुलांनी घरी जाऊन आजीला आपल्याकडे काय रीत होती हे विचारले आणि ते यमूच्या पानांशेजारी मांडले, तर खरे सामाजिक शास्त्र तिथे सुरू होईल.

या वर्गाला हरिभाऊंची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा अधिक जवळची वाटण्याची शक्यता आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या गरीब खेडूत कुटुंबाची ती गोष्ट आहे. पावसावरचा कापूस आणि कामासाठी गाव सोडणारी माणसे यवतमाळच्या मुलांना पुस्तकातून कळावी लागत नाहीत.

मग ऐतिहासिक कादंबऱ्यांचे काय?

इथे जास्त सावध राहावे लागते. ‘उषःकाल’ १८९५ पासून आली. विजापूर दरबाराशी इमान राखणारा बाप आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा मुलगा यांचा तो संघर्ष आहे. टिळकांनी शिवस्मारक आणि शिवजयंतीची चळवळ उभी केली ती याच सुमारास. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यानंतर, १८९८ मध्ये निघाला. म्हणजे कादंबरी सतराव्या शतकाबद्दल आहे, पण तिच्यातला आवेश १८९५ चा आहे.

‘गड आला पण सिंह गेला’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तानाजी मालुसरे यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेतला आणि किल्लेदार उदेभान त्या लढाईत पडला, हा इतिहास. कादंबरीतली कमलकुमारी आणि तिच्या अपहरणाचे कथानक मात्र हरिभाऊंच्या कल्पनेतले. शीर्षकातले शब्द आज आपण महाराजांचेच म्हणून सांगतो. सभासद बखरीत त्याच आशयाचे उद्गार वेगळ्या शब्दांत आहेत. सिंहगड हे नावही १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारात आढळते. ही कादंबरी वर्गात आणूच नये, असे यातून निघत नाही. कोणता भाग बखरीतला आणि कोणता लेखकाचा, हे मुलांना शोधायला लावावे. असा तास सातवीच्या मुलांना पाठ वाचून दाखवण्यापेक्षा नक्की आवडेल.

वऱ्हाडाशी त्यांचा संबंध काय?

१९१२ मध्ये अकोल्यात भरलेल्या साहित्य संमेलनाचे हरिभाऊ अध्यक्ष होते. पुण्यात प्लेगच्या साथीत त्यांनी मदतकार्य केले, पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषवले. १९१५ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने मराठी भाषेवर दिली. या सगळ्या व्यापात आणि दर आठवड्याच्या हप्त्याच्या घाईत काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे हरिभाऊंचे उतारे छापून वाटायला शाळेला कोणाची परवानगी लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. भाषा जुनी आहे आणि वाक्ये लांबलचक आहेत, म्हणून अख्खी कादंबरी मुलांच्या हाती देण्यात अर्थ नाही. ‘करमणूक’चे वाचक ती आठवड्याला एक हप्ता अशीच वाचत होते. इतिहासाच्या एका तासाला साधारण तेवढीच पाने पुरतात.