‘सेल्फ’चा जनक : चार्ल्स केटरिंग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी आमची गाडी थांबली. गाडी आमच्या एका सहकारी प्राध्यापकांची. थांबले की इंजिन आपोआप बंद पडावे आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू व्हावे, अशी सोय तिच्यात आहे. पण त्या दिवशी आगगाडी येऊन गेली, फाटक उघडले, तरी इंजिन आपले चालूच. दोन महिने हेच चालले होते. एका गॅरेजने स्टार्टर उतरवून पाहिला, दुसऱ्याने एक सेन्सर बदलला. पैसे गेले, दोष राहिला. सकाळी सेल्फ मारला की गाडी मुकाट्याने सुरू होई, तेव्हा बॅटरीवर संशय घेण्याचे कोणालाच सुचले नाही. अखेर एका वयस्कर मिस्त्रींनी अर्ध्या कन्नडात आणि अर्ध्या मराठीत एवढेच विचारले, की बॅटरी केव्हा बदलली आणि कोणत्या जातीची घातली. बॅटरी उन्हाळ्यात बदलली होती आणि जी स्वस्त मिळाली ती घातली होती. मिस्त्री हसले.

ते का हसले हे समजून घ्यायचे, तर ज्याच्यामुळे मोटारीला ‘सेल्फ’ आला त्या माणसाची ओळख करून घेतली पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, एडिसनचे नाव तुम्हांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंगचे नाव फारच थोड्यांनी ऐकले असेल. आणि तरीही रोज सकाळी गल्लोगल्ली जो चर्र चर्र आवाज होतो, तो या गृहस्थाचाच आहे.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. बुद्धी तल्लख, पण डोळे अधू. वाचायला बसले की डोके ठणके. शाळा संपल्यावर त्याने काही काळ खेड्यातील शाळेत मास्तरकी केली, नंतर ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी नाव घातले. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून घरी परतावे लागले. आपल्याकडे अशा मुलाला घरचे लोक किराणा दुकानात बसवतात. केटरिंग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत दाखल झाला. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तार तुटली की मैलोगणती चालत जाऊन नेमका कुठे बिघाड आहे ते हुडकायचे. मोकळ्या हवेत डोळ्यांना आराम पडला. शिवाय एक मोठी विद्या हाती आली. तारेतला दोष खांबाखांबाने शोधावा लागतो. मधला एक खांब गाळून पुढे गेले तर दोष तिथेच लपलेला असतो. पुस्तकातून ही सवय लागत नाही, असे मला तरी वाटते.

पुढे तो पुन्हा विद्यापीठात गेला आणि १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विद्युत अभियंता होऊन बाहेर पडला. डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याला नोकरी लागली. दुकानदाराच्या गल्ल्याचे हे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवीत. तो दांडा विजेने फिरवायचे काम केटरिंगकडे आले. अडचण अशी, की पुरेसा जोर असलेली मोटर घ्यावी तर ती गल्ल्याच्या पेटीत मावत नाही. केटरिंगने विचार केला, की गल्ला दिवसभर थोडाच फिरतो? गिऱ्हाईक आले की क्षणभर फिरतो आणि थांबतो. मग क्षणभरापुरता मोटरीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला म्हणून काय बिघडले? तापायच्या आत ती थांबलेलीच असेल. १९०६ साली विजेवर चालणारा गल्ला बाजारात आला. या छोट्याशा युक्तीतच पुढची सारी गोष्ट दडलेली आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या घरामागे एक जुने कोठार होते. दिवसा नोकरी करायची आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी त्या कोठारात मोटारगाडीसाठी विजेची उपकरणे बनवायची, असा उद्योग केटरिंग आणि त्याच्या सोबत्यांनी आरंभला. इंजिनात ठिणगी पाडणारी त्यांची नवी रचना कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना पसंत पडली. १९०९ साली केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्ससह ‘डेल्को’ ही कंपनी काढली.

त्या काळी मोटार सुरू करणे हे पैलवानाचे काम होते. आमच्या लहानपणी जुन्या जीपगाड्यांना आणि ट्रकना पुढून हँडल घालून ड्रायव्हर दम लागेपर्यंत फिरवीत, ते दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागे. ते विसरले तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाचे हाड मोडे. असे हात इतके मोडले, की वैद्यकशास्त्रात मनगटाच्या एका अस्थिभंगाला शोफरचेच नाव पडले. लेलंड यांचे स्नेही बायरन कार्टर यांना असाच झटका बसला आणि त्यातून ते पुढे दगावले, त्या दुःखात लेलंड यांनी हे हँडल कायमचे घालवण्याचा चंग बांधला, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील प्रत्येक पुस्तकात थोडा वेगळा आढळतो, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. काम मात्र लेलंड यांनी केटरिंगकडे सोपवले, हे खरे.

विजेने इंजिन फिरवण्याची कल्पना नवी नव्हती. क्लाइड कोलमन यांना १९०३ साली तिचे पेटंटही मिळाले होते. पण जाणकारांचा हिशेब आडवा येई. इंजिन फिरवण्याइतकी मोटर घेतली तर ती इंजिनाएवढी होणार आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत चढवली तर माणसांना जागा राहणार नाही. हिशेब चूक नव्हता. मोटर तासन् तास चालणार आहे हे गृहीतक चूक होते. केटरिंगला गल्ल्याची मोटर आठवली. इंजिन पकड घेईपर्यंत काही क्षणच जोर लावायचा, नंतर विश्रांतीच विश्रांती. त्याने आणखी एक खुबी केली. इंजिन चालू झाल्यावर तीच मोटर उलट इंजिनाकडून फिरवून घेतली, म्हणजे तिचा डायनामो झाला आणि खर्चलेली वीज ती बॅटरीत परत भरू लागली. सुरू करताना बॅटरीचे भाग एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घ्यायचे आणि दिव्यांसाठी व भरण्यासाठी समांतर जोडून ६ व्होल्टवर काम चालवायचे, अशी ती रचना होती. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकवर तिचे प्रात्यक्षिक झाले आणि १९१२ च्या मॉडेलपासून ती प्रत्येक कॅडिलॅकमध्ये बसू लागली. फोर्डच्या स्वस्त मॉडेल-टी गाडीलाही १९१९ पासून सेल्फ मिळू लागला. हँडल मारण्याचे बळ नसलेल्या बायकांना आणि वृद्धांना गाडी चालवण्याची वाट मोकळी झाली. यात एक गंमत आहे. हँडलच्या त्रासापायी पुष्कळ लोक तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या घेत. त्या गाड्यांना मागे हटवण्यात पेट्रोलच्या गाडीत शिरलेल्या या लहानशा मोटरीचा आणि बॅटरीचा हात होता!

आता मिस्त्रींच्या हसण्याकडे येतो. केटरिंगच्या युक्तीचा पाया क्षणभर श्रम आणि दीर्घ विश्रांती हा. साधी मोटारीची बॅटरी याच बेताने बनवलेली असते. एका दमात शेदीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचे. पण आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत हा बेतच मोडतो. फाटकाशी, सिग्नलशी, बाजारात, दिवसातून कित्येक वेळा सेल्फ लागतो आणि इंजिन बंद असताना दिवे, पंखा, रेडिओ सारे बॅटरीवरच चालतात. साध्या बॅटरीच्या पट्ट्या एवढ्या चढउतारात लवकर झिजतात. म्हणून अशा गाड्यांना ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली, किंवा निदान पट्ट्या मजबूत केलेली, निराळी बॅटरी लागते. स्टार्टरही अधिक दणकट असतो. बॅटरीच्या ऋण टोकाशी एक सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत किती वीज उरली आहे याचा सतत अंदाज घेतो. इंजिन बंद केल्यावर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसेल, तर गाडी इंजिन बंदच करीत नाही. मालकाला हा बिघाड वाटतो. वास्तविक ती गाडीची सावधगिरी असते. इंजिन थंड असेल, एअरकंडिशनरवर ताण असेल, पट्टा लावला नसेल, तरीही ती बंद होत नाही, आणि ते योग्यच आहे.

अशा वेळी दोष हुडकायचा तो केटरिंगच्या तारेप्रमाणेच, खांबाखांबाने. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास आहे का? १२.२ म्हणजे ती जवळजवळ अर्धी उतरली. इंजिन चालू असताना दाब वाढतो का? टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली आहे का, जमिनीची तार सैल आहे का? घर ते कॉलेज एवढीच फेरी असेल, तर बॅटरी भरायला वेळ तरी मिळतो का? एवढे पाहून मगच स्टार्टरला हात लावावा. शिवाय नवी बॅटरी घातली की पुष्कळ गाड्यांच्या संगणकाला तसे कळवावे लागते, नाहीतर तो जुन्याच बॅटरीचा हिशेब धरून बसतो. दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची झाली तर ऋण चिमटा बॅटरीच्या टोकाला न लावता नेमून दिलेल्या जागी लावावा, म्हणजे सेन्सरचा हिशेब चुकत नाही. असो, चरित्राकडे वळतो.

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग त्या कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख राहिला. त्याचे सारेच साधले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी थंड होणारे इंजिन त्याने मोठ्या हौसेने बनवले. १९२३ साली अशा शेव्हरोले गाड्या रस्त्यावर आल्या आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या. झटपट वाळणारा रंग आणि आगगाडीचे डिझेल इंजिन ही कामे मात्र फळाला आली.

पण या माणसाचे चरित्र लिहिताना ज्या प्रकरणापाशी लेखणी अडखळते ते वेगळेच आहे. पेट्रोल इंजिनात ठकठक असा आवाज होई आणि त्याचे खापर केटरिंगच्या ठिणगीवर फोडले जाई. त्याने थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याला कामाला लावले. दोष ठिणगीत नसून इंधनात आहे, हे त्यांनी सिद्ध केले. येथवर सारे उत्तम. १९२१ च्या डिसेंबरात मिजलीला शिशाचे एक संयुग सापडले. ते चिमूटभर घातले की ठकठक थांबे. अल्कोहोलनेही ती थांबते हे दोघांना ठाऊक होते; पण शिसे थोडे पुरे आणि नफा अधिक. शिसे विष आहे हे तर रोमन काळापासूनचे ज्ञान. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. ते विकणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष तेव्हा स्वतः केटरिंगच होता. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. खांबाखांबाने दोष शोधणारा हा माणूस इथे मात्र धुराच्या नळीशी थांबला. धूर पुढे कोणाच्या फुप्फुसात जातो, तिथवर गेला नाही. त्याच्या ठायी दुष्टपणा होता असे म्हणवत नाही. कर्करोगावरील संशोधनासाठी १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या संस्थेला अल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर त्याचेही नाव आहे, आणि गवत हिरवे का, सूर्याची शक्ती ते कसे धरून ठेवते, या प्रश्नासाठीही त्याने पैसा आणि मन ओतले. तरीही त्या पाच कामगारांना विसरून त्याचा गौरव करणे मला जमत नाही.

पत्नी ऑलिव्ह १९४६ साली निवर्तली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे केटरिंगने देह ठेवला. त्याच्या नावावर १८० हून अधिक पेटंटे होती. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात शेवटी ते अल्जीरियात २०२१ साली संपले. त्याची दुसरी कल्पना मात्र फिरून आली आहे. सुरू करणारी मोटर आणि वीज भरणारा डायनामो एकच असावा ही १९१२ ची रचना मध्यंतरी मागे पडली होती. २०१५ साली मारुतीने सियाझ गाडीत पट्ट्यावर फिरणारे असेच एकत्र यंत्र बसवले, आणि आता ते कित्येक गाड्यांत दिसते.

आमच्या सहकाऱ्यांनी शेवटी योग्य जातीची बॅटरी घातली. मिस्त्रींनी संगणकाला तिची नोंद दिली आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फाटक पडलेले होते. इंजिन बंद झाले, आणि पावसाचा टपावरचा आवाज ऐकू आला.